४० हजार शेअर आहेत, पण घेणार कोण?

«माझं इचलकरंजीत सायझिंगचं छोटं काम आहे. सात महिन्यांपूर्वी एका टेलिग्राम ग्रुपवर नाव आलं म्हणून बीएसईवरच्या एका कंपनीचे ४०,००० शेअर २ रुपये १० पैशांनी घेतले. आज भाव ३.४० आहे. कंपनी आधी सुताचा व्यापार करायची, आता नाव बदलून एआय आणि हरित हायड्रोजनमध्ये उतरली आहे. ग्रुपवाले वर्षभरात ५० रुपये भाव सांगतात. ॲपवर रोजची उलाढाल सहा-साडेसहा हजार शेअरची दिसते. आईची दोन लाखांची एफडी या महिन्यात सुटते. ती यात घालावी का? आणि उद्या विकायचं झालं तर एवढे शेअर विकले जातील का?» – वि. पा., इचलकरंजी

वि. पा., दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिल्याचं वेगळं द्यावं लागणार नाही.

३.४० हा शेवटच्या सौद्याचा भाव आहे. तो सौदा पन्नास शेअरचा असेल, कदाचित दहाचाही. त्याला तुमच्या ४०,००० शेअरनी गुणून ॲप तुम्हाला १,३६,००० रुपये दाखवतं. ग्रे कापडाचा भाव दलालाने सांगितला म्हणून गाळ्यातले तागे उठत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच आहे. उद्या सकाळी साडेदहाच्या सुमारास ॲपमध्ये त्या शेअरची ‘मार्केट डेप्थ’ उघडा. डाव्या बाजूला घेणाऱ्यांच्या पाच ओळी दिसतील. समजा त्या अशा आहेत: ३.४० ला ५०० शेअर, ३.३६ ला १,२००, ३.३१ ला २,०००, ३.२४ ला ३०० आणि ३.२३ ला ५,०००. बेरीज ९,०००. तुम्ही ‘मार्केट ऑर्डर’, म्हणजे मिळेल त्या भावाला विकण्याची ऑर्डर, टाकून सगळे विकायला काढले, तर हे ९,००० सरासरी ३.२७ ने जातील आणि उरलेले ३१,००० अडकतील. कारण पाच टक्क्यांचं सर्किट असेल, तर ३.२३ हीच त्या दिवसाची खालची मर्यादा. त्याखाली ऑर्डर घेतलीच जात नाही. त्या दिवशीचं लोअर सर्किट तुम्ही स्वतःच लावलेलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी ते पाहून बाकीचेही विकायला धावतील.

अशी दहा लोअर सर्किट ओळीने लागली की ३.४० चा भाव २ रुपये ५-७ पैशांवर येतो, म्हणजे तुमच्या खरेदीच्याही खाली. दहा दिवस म्हणजे बाजाराचे दोन आठवडे. या काळात विकणाऱ्यांची रांग लाखांत आणि घेणारे शून्य, असं चित्र पडद्यावर रोज दिसतं. ‘स्टॉप लॉस लावून ठेवू’, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेलं की आपोआप विकलं जाईल, हा उपाय इथे चालत नाही. स्टॉप लॉस फक्त तुमची ऑर्डर बाजारात पाठवतो, समोर घेणारा उभा करत नाही.

आता एफडीचं. दोन लाखांत ३.४० ने जवळजवळ ५८,८०० शेअर येतील. रोजची उलाढाल साडेसहा हजारांची, म्हणजे नऊ दिवसांत जे काही विकलं जातं ते सगळं तुम्ही एकट्याने घ्यायचं. तुमच्याच खरेदीने भाव चढेल, ॲपवर आधीच्या ४०,००० वरचा नफा फुगेल आणि अंदाज खरा ठरला असं वाटेल. तो नफा तुमच्याच पैशाने तयार झालेला असेल. तुम्ही घ्यायचं थांबलात की भाव धरून ठेवायला कोणी नसेल. आणि विकणारा कोण असेल? बहुतेक तोच, ज्याने ५० रुपयांचा आकडा ग्रुपवर टाकला. त्यामुळे एफडीला हात लावू नका. आईच्या नावावर ती पुन्हा करा. वय साठच्या पुढे असेल, तर बहुतेक बँका साधारण अर्धा टक्का जास्त व्याज देतात, ते मागून घ्या. आपोआप नूतनीकरणात कधी कधी नको त्या मुदतीला पैसे लागतात, म्हणून एकदा शाखेत जाऊन या.

कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं आहे, पण ते इथे छापत नाही. ती चांगली की वाईट हे आम्ही सांगण्यापेक्षा तुम्ही तासाभरात स्वतः तपासू शकता. बीएसईच्या संकेतस्थळावर सहा आकडी कोड टाका आणि पहिल्यांदा गट बघा. एक्स गट म्हणजे फक्त बीएसईवर नोंद असलेली कंपनी. एक्सटी किंवा टी म्हणजे ‘टी टू टी’: आज घेऊन आजच विकता येत नाही, प्रत्येक खरेदीची डिलिव्हरी घ्यावीच लागते. झेड गट म्हणजे कंपनीने बाजाराच्या अटी पाळलेल्या नाहीत. झेड दिसलं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

त्याच पानावर देखरेखीची खूण असते, म्हणजे शेअर बाजाराच्या जीएसएम, एएसएम किंवा ईएसएम या खास देखरेखीच्या यादीत आहे का ते कळतं. जीएसएम २०१७ मध्ये आलं, एएसएम २०१८ मध्ये आणि छोट्या कंपन्यांसाठीचं ईएसएम २०२३ मध्ये. या यादीत नाव येणं म्हणजे कंपनीवर आरोप नव्हे. पण घेणाऱ्यांची संख्या मात्र एका रात्रीत घटते. जीएसएमच्या वरच्या टप्प्यांत व्यवहार आठवड्यातून एकदाच, सोमवारी होतात आणि घेणाऱ्याला शेअरच्या किमतीइतकीच रक्कम आणखी अनामत ठेवावी लागते. शेवटच्या टप्प्यात तर भाव वर जाऊच दिला जात नाही. अशा शेअरला नवा घेणारा कुठून मिळणार? अगदीच कमी उलाढालीचे शेअर ‘पिरियॉडिक कॉल ऑक्शन’मध्ये टाकले जातात. तिथे अखंड व्यवहार नसतात. तासातासाची सत्रं होतात: पहिली ४५ मिनिटं ऑर्डर गोळा होतात, मग सगळ्यांचा एकच भाव निघतो. ऑर्डर टाकून लगेच सौदा का होत नाही, असं विचारणारी पत्रं आम्हाला नेहमी येतात. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मग ‘शेअरहोल्डिंग पॅटर्न’ उघडा. तो दर तिमाहीला येतो. गेल्या सहा तिमाहींचे तक्ते घ्या आणि दोनच रकाने एका कागदावर उतरवा: प्रवर्तकांचा टक्का, आणि दोन लाखांपर्यंत दर्शनी भांडवल असलेल्या छोट्या भागधारकांची संख्या. पहिला आकडा उतरतोय आणि दुसरा झपाट्याने चढतोय असं दिसलं, तर माल कोणाकडून कोणाकडे गेला हे वेगळं सांगायला नको. साधना ब्रॉडकास्ट प्रकरणात सेबीने मार्च २०२३ च्या आदेशात नेमकं हेच मांडलं. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर त्या कंपनीबद्दल खोट्या बातम्यांचे व्हिडिओ आले, त्यांच्या जाहिरातीवर पैसे ओतले गेले आणि छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. त्याच चढ्या भावात काही प्रवर्तक आणि मोठे भागधारक बाहेर पडले.

हा खेळ कसा चालतो ते थोडं समजून घ्या, म्हणजे आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे कळेल. आधी ऑपरेटर, म्हणजे भाव खेळवणारा, काही महिने शांतपणे माल गोळा करतो. बाजारात फिरणारे शेअर मुळातच कमी असतात, त्यामुळे थोड्या पैशात काम होतं. मग आपल्याच माणसांच्या खात्यांत सौदे फिरवून रोज थोडा भाव आणि थोडी उलाढाल दाखवली जाते. त्यानंतर रोज अप्पर सर्किट: पडद्यावर फक्त घेणारे, विकायला कोणी नाही. बाहेरच्या माणसाला माल मिळतच नाही, आणि न मिळणाऱ्या वस्तूचा हव्यास वाढतो. या पायरीवर टेलिग्राम, व्हॉट्सॲप, व्हिडिओ सुरू होतात. एक दिवस सर्किट उघडतं, उलाढाल एकदम दहा-वीस पट होते आणि सगळ्यांना ‘हवा तेवढा’ माल मिळतो. माल सहज मिळू लागला तोच ऑपरेटरच्या विक्रीचा दिवस असतो. त्यानंतरचा ‘ॲव्हरेज करा (पडत्या भावात आणखी घ्या), घाबरू नका’ हा संदेश उरलेला माल गळ्यात मारण्यासाठी असतो. ग्रुप चालवणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागून बघा. रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक आयएनएच ने आणि सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या यादीत ताडून पाहता येतो. क्रमांक विचारला म्हणून ग्रुपमधून काढलंच, तर उत्तर मिळालं असं समजा.

नाव बदलण्याचा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिला आहे, पण आम्हाला सगळ्यात जास्त तोच खटकला. सेबीच्या नियमाप्रमाणे नव्या नावात जो धंदा सुचवला आहे, त्यातून मागच्या वर्षभरात किमान ५० टक्के उत्पन्न आलेलं असावं लागतं, नाहीतर कंपनीच्या मालमत्तेच्या किमान ५० टक्के रक्कम त्या धंद्यात गुंतलेली असावी लागते. तेव्हा वार्षिक अहवालातलं ‘सेगमेंट रिपोर्टिंग’, म्हणजे कोणत्या धंद्यातून किती उत्पन्न त्याचा तक्ता, आणि स्थिर मालमत्तेची टीप काढा. हायड्रोजनची यंत्रसामग्री कोट्यवधींची असते. टिपेत दोन संगणक, एक मोटार आणि फर्निचर एवढंच असेल, तर कंपनीत बदललेली गोष्ट म्हणजे पाटी. त्यानंतर रोख प्रवाहाचा तक्ता. नफा दरवर्षी दिसतो, पण व्यवसायातून येणारी रोकड उणे आणि येणी वाढत चाललेली, असं असेल तर तो नफा कागदावरचा. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला आहे का, हेही कंपनीच्या घोषणांत शोधा. आणखी एक बघायचं ते वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. प्रेफरन्शियल पद्धतीने (कंपनीने निवडक लोकांनाच दिलेले) वॉरंट घेणारा २५ टक्के रक्कम आधी भरतो आणि उरलेली १८ महिन्यांत. मधल्या काळात ‘मोठा गुंतवणूकदार येतोय’ अशी बातमी पिकते आणि पुढे शेअरची संख्या वाढून तुमचा वाटा पातळ होतो.

आता आशेची बाजू, कारण ती खोटी नाही. पुण्याच्या सुझलॉनचा शेअर मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्या खाली होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ रुपयांच्या आसपास पोहोचला. हे उदाहरण प्रत्येक टेलिग्राम ग्रुपवर टांगलेलं असतं. पण सुझलॉनकडे पवनचक्क्यांचे कारखाने होते, देशभर उभ्या असलेल्या चक्क्यांच्या देखभालीचं काम होतं, आणि त्या वाईट दिवसांतही शेअरची उलाढाल प्रचंड होती. आजारपण होतं कर्जाचं. २०२० मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, २०२२ मध्ये पाच रुपयांनी १,२०० कोटींचा राइट्स इश्यू (जुन्या भागधारकांना नवे शेअर) आला, २०२३ मध्ये संस्थांकडून २,००० कोटी उभे राहिले. म्हणजे कर्ज उतरतंय हे कागदावर दिसू लागल्यानंतरही पाच-सात रुपयांत शेअर मिळत होता. पुरावा दिसेपर्यंत थांबलेल्यालाही पुरेसं मिळालं.

दुसरं उदाहरण मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचं. २९ ऑक्टोबर २०२४ ला हा शेअर एका दिवसात ३ रुपये ५३ पैशांवरून २,३६,२५० रुपयांवर गेला. चमत्कार अजिबात नव्हता. कंपनीकडे एशियन पेंट्सचे जवळपास तीन टक्के शेअर आहेत आणि स्वतःचे शेअर अवघे दोन लाख, त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. ज्यांच्याकडे तो होता त्यांना त्याची खरी किंमत ठाऊक होती, म्हणून साडेतीन रुपयांना कोणी विकतच नव्हतं. सेबीच्या नियमानुसार होल्डिंग कंपन्यांसाठी, म्हणजे मुख्यतः दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपन्यांसाठी, खास ऑक्शन झालं आणि भाव खऱ्या किमतीच्या जवळ गेला. या गोष्टीतून घेण्यासारखं एवढंच की खरोखर मौल्यवान पेनी शेअर (अगदी कमी भावाचा शेअर) तुम्हाला बाजारात मिळत नाही. ४०,००० शेअर सहज मिळाले, यातच पुरेशी माहिती आहे.

कमी फिरत्या शेअरचा भाव किती फसवा असतो ते रुची सोया या खाद्यतेल कंपनीने दाखवलं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून बाहेर येऊन जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा १७ रुपयांच्या आसपास होता. पाच महिन्यांत १,५०० च्या वर गेला. जनतेकडे कंपनीचा जेमतेम एक टक्का होता, म्हणून असं झालं. जुन्या भागधारकांच्या मात्र प्रत्येक १०० शेअरचा एकच शेअर झालेला होता. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत तर तोही राहिला नाही. जून २०२१ मध्ये पिरामल समूहाच्या योजनेला मंजुरी मिळाली, त्यात शेअरची किंमत शून्य ठरली आणि तो बाजारातून काढला गेला. मंजुरीच्या बातमीवरही काही दिवस लोक तो शेअर घेत होते. दिवाळखोरी कायद्यात भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटचा असतो. बँका, कामगार, सरकार, इतर देणेकरी यांचं भागल्यावर उरलं तर. बुडीत कंपनीचा शेअर ‘स्वस्त’ म्हणून घेताना हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आता तुमच्या ४०,००० चं काय करायचं ते. वर सांगितलेल्या तपासणीत प्रवर्तकांचा टक्का घसरताना आणि पाटीखाली धंदा नाही असं दिसलं, तर सगळे विकायचे. चित्र संमिश्र असेल, तर निदान तुमचं मुद्दल बाहेर काढा: ८४,००० रुपयांसाठी सरासरी ३.३० ने साधारण २५,५०० शेअर. रोजच्या उलाढालीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त विकू नका, म्हणजे दिवसाला १,३०० च्या आसपास. वीस कामकाजाचे दिवस लागतील. ऑर्डर कायम लिमिटची, म्हणजे किमान भाव तुम्ही ठरवलेली, टाका, मार्केटची कधीच नको. विक्रीच्या दिवशी डीपी शुल्क (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) लागतं, ब्रोकरप्रमाणे साधारण १५ ते २५ रुपये, आणि ते एका कंपनीला दिवसातून एकदाच. दोनशे शेअर विकून ६८० रुपये आणलेत तर त्यातले तीन टक्के तिथेच जातील, म्हणून फार किरकोळ तुकडे करू नका.

अप्पर सर्किट लागलं आणि घेणाऱ्यांची रांग मोठी दिसली, तर वीस दिवसांचं वेळापत्रक सोडून द्या. ३.५७ ला दोन लाख शेअरची मागणी उभी असेल, तर तुमचे चाळीसच्या चाळीस हजार त्या क्षणी एकाच भावाला जातात. अशा शेअरमधून बाहेर पडायला याहून चांगली वेळ येत नाही, आणि नेमकं त्याच वेळी विकावंसं वाटत नाही. ‘उद्या ३.७४ होईल’ हे खरंही ठरेल. तरी विका.

उलट लोअर सर्किट सुरू झालं असेल, तर रांगेत आधी उभं राहण्याला महत्त्व आहे, कारण एकाच भावाच्या ऑर्डरींत जो आधी आला त्याचा माल आधी जातो. डीडीपीआय (ब्रोकरला डीमॅटमधून शेअर काढायची दिलेली कायमची परवानगी) दिलेलं नसेल तर आदल्या रात्री सीडीएसएल या डीमॅट संस्थेचा टीपिन, म्हणजे गुप्त क्रमांक, वापरून शेअर विक्रीसाठी मंजूर करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या खालच्या मर्यादेच्या भावाने आफ्टर मार्केट ऑर्डर (बाजार बंद असताना टाकलेली ऑर्डर) टाका. सकाळी नऊनंतर ती बदलत बसू नका. भाव बदलला किंवा संख्या वाढवली की रांगेत पुन्हा मागे जाता.

कराचं गणित छोटं आहे. बारा महिने व्हायच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के आणि वर उपकर. सगळे ३.३० ने गेले तर ४८,००० च्या नफ्यावर ९,६०० रुपये. बारा महिन्यांनंतर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे. दुसरा नफा नसेल तर तुमचा कर शून्य होईल, म्हणून अजून पाच महिने थांबावं असा मोह होईल. दोन लोअर सर्किटमध्ये ३.४० चे ३.०७ होतात, म्हणजे १३,२०० रुपये गेले. कर भरा आणि मोकळे व्हा. तोटा झाला तर विवरणपत्र मुदतीत भरा. तरच तो तोटा पुढच्या आठ वर्षांतल्या शेअरच्या नफ्यातून वजा करता येतो.

आणि या सगळ्याच्या आतच कंपनीचे व्यवहार निलंबित झाले, तर शेअर डीमॅटमध्ये पडून राहतात. ना विकता येत, ना तोटा दाखवता येत. अशा वेळी ‘डीलिस्ट होण्याआधी आम्ही घेतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असे फोन येतात. ते सरळ कापा. कंपनीकडून कागदपत्रं किंवा लाभांश मिळत नसेल, तर आधी कंपनीला लेखी कळवा, मग स्कोअर्स या सेबीच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवर तक्रार करा. भाव पडला म्हणून तिथे भरपाई मिळत नाही. पण खोटी माहिती पसरवल्याचे पुरावे, म्हणजे ग्रुपमधल्या संदेशांचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, तपासाला उपयोगी पडतात. ग्रुप सोडण्याआधी ते काढून ठेवा. एकदा बाहेर पडलात की जुने संदेश बहुतेक दिसत नाहीत.